बाटलीचं साल विचारा

महाराष्ट्रात दारूचं दुकान राहावं की जावं याचा कौल बायका देतात, आणि तेव्हा मतपत्रिकेवर दोनच चिन्हं असतात. उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकानाला टाळं लागतं. नवऱ्याची मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर रिकामी होताना ज्यांनी पाहिली, त्या बायकांनी झगडून मिळवलेला हा हक्क आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण या दोन चिन्हांपलीकडे आपली सार्वजनिक चर्चा सरकलीच नाही. दारूचा विषय निघाला की दुकान चालू की बंद, एवढंच बोललं जातं. बाटलीत काय आहे, कुणाच्या मळ्यातून आलंय, कोणत्या सालचं आहे, किती वर्षं आणि कसं सांभाळलंय, हे कुणी विचारत नाही.

जुन्या इटालियन रेड वाइनची चव घेण्याची सगळी विद्या याच प्रश्नांवर उभी आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीत बसून हा विषय काढणं अनेकांना श्रीमंतांचा शौक वाटेल. खरं पाहता गरिबाच्या पेल्याशीही त्याचा थेट संबंध आहे.

उत्तर इटलीत पिएमोन्ते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर ११ गावांच्या हद्दीत जी वाइन होते ती बारोलो. तिचे नियम कडक आहेत. द्राक्ष शंभर टक्के नेब्बियोलो जातीचं हवं. तोडणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने वाइन मुरली पाहिजे आणि त्यातले किमान १८ महिने ती लाकडी पिंपात असली पाहिजे. लेबलावर ‘रिझेर्वा’ लिहायचं असेल तर ३८ चे ६२ महिने होतात. म्हणजे २०१६ च्या हंगामाची साधी बारोलो दुकानात यायलाच २०२० साल उजाडलं. खाली तोस्काना प्रांतात मोंतालचिनो नावाचं डोंगरमाथ्यावरचं गाव आहे. तिथल्या ‘ब्रुनेल्लो’साठी फक्त सांजोवेसे जातीचं द्राक्ष चालतं आणि हंगामानंतरचं पाचवं वर्ष लागल्याशिवाय बाटली विकता येत नाही. २०१६ ची ब्रुनेल्लो १ जानेवारी २०२१ च्या आधी विकली असती तर तो गुन्हा ठरला असता. शेतकऱ्याचं भांडवल चार-पाच वर्षं तळघरात अडकून पडतं आणि तरीही तो ही अट मानतो, कारण ती त्याच्याच गावच्या उत्पादकांनी मिळून घातलेली आहे.

इतकं थांबायचं कशासाठी, ते जिभेला लगेच कळतं. नेब्बियोलोची साल पातळ, रंग फिका, पण आंबटपणा आणि तुरटपणा जबरदस्त. साल आणि बियांतून उतरणारी टॅनिन नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात. त्यामुळे ताज्या बारोलोचा घोट घेतला की हिरडा चघळल्यासारखी जीभ टाळ्याला चिकटते. वर्षं जातात तशी ही द्रव्यं एकमेकांना जोडली जातात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो. रंग माणकाचा होता तो कडेपासून विटकरी व्हायला लागतो. फळाचा वास मागे पडतो आणि वाळलेला गुलाब, डांबर, चहाची पत्ती, चामडं, तंबाखू, पावसात भिजलेल्या पालापाचोळ्यातली अळंबी असे वास वर येतात. गुलाब आणि डांबर हे वर्णन बारोलोच्या बाबतीत जगभर इतकं रूढ आहे की त्यावाचून तिच्यावरचा लेख पुरा होत नाही.

पंचवीस वर्षांची बाटली उघडायची एक रीत आहे. बूच ओलं राहावं म्हणून इतकी वर्षं ती आडवी ठेवलेली असते. उघडण्याच्या दोन दिवस आधी ती हळूच उभी करतात, म्हणजे गाळ खाली बसतो. जुनं बूच पिळाच्या स्क्रूनं ओढलं तर त्याचा भुगा होतो, म्हणून जाणकार दोन पातळ पात्यांचं साधन बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवतात आणि पिळत पिळत बूच अख्खं वर काढतात. मग बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा छोटा टॉर्च धरून वाइन एका धारेत काचेच्या सुरईत ओतायची. आधी धार स्वच्छ असते. शेवटी मानेत धुराच्या रेषेसारखा गाळ दिसू लागतो, त्या क्षणी हात थांबवायचा. तळाची दोन बोटं वाइन बाटलीतच सोडायची, तिचा लोभ धरायचा नाही.

पेल्यात थोडीच घ्यायची. तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास. पांढऱ्या कागदावर पेला तिरपा करून कडेचा रंग बघायचा. पहिला वास पेला न हलवता घ्यायचा, कारण जुन्या वाइनचे सगळ्यात नाजूक वास पहिल्या मिनिटातच उडून जाऊ शकतात. मग छोटा घोट, तोंडात फिरवायचा आणि आंबट आधी जाणवतं की तुरट, गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, याकडे लक्ष ठेवायचं. एका दिवसात साठ-सत्तर बाटल्या तपासणारे परीक्षक घोट गिळत नाहीत, थुंकतात. अर्ध्या तासानं तोच पेला पुन्हा हुंगायचा. काही बाटल्या तेव्हा कुठे उमलतात, तर काही तासाभरात मान टाकतात.

दोष ओळखणं हा या विद्येचा अर्धा भाग आहे, किंबहुना मोठा भाग. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बूच बाधलेलं आहे. नेलपॉलिशचा किंवा सिरक्याचा झणका आला तर जिवाणूंनी घात केलाय. डाग पडलेल्या सफरचंदासारखा वास म्हणजे हवा शिरली. आणि फळ जॅमसारखं शिजट लागलं, सोबत बूचही किंचित वर सरकलेलं असलं, तर बाटलीनं कुठेतरी ऊन खाल्लंय. हा शेवटचा दोष आपल्याकडे फार. साक्री-धुळ्यात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि गोदामातून दुकानापर्यंत आलेली बाटली पत्र्याच्या शटरमागच्या फळीवर उभीच्या उभी उन्हाळा काढते. वाइन मुरायला १२ ते १४ अंशांचा स्थिर गारवा लागतो. अशा फळीवर ठेवलेली वाइन महिन्यांत म्हातारी होते, मुरत मात्र नाही.

मुरलेली वाइन किती टिकू शकते याचा सर्वात प्रसिद्ध दाखला मोंतालचिनोतल्या बियोन्दी-सान्ती घराण्याचा. फेर्रुच्चो बियोन्दी-सान्तीनं आपल्या मळ्यातल्या सांजोवेसेचे निवडक वेल वेगळे काढले आणि १८८८ च्या हंगामाच्या बाटल्या भरल्या. आजची ब्रुनेल्लो तिथून मोजतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या उन्हाळ्यात, लढाईची आघाडी तोस्कानावरून उत्तरेकडे सरकत होती. तेव्हा फेर्रुच्चोचा मुलगा तान्क्रेदी यानं जुन्या सालांच्या बाटल्या तळघरात भिंतीआड चिणून टाकल्या. भिंत बांधायला त्याचा मुलगा फ्रांको हाताशी होता. युद्ध सरलं, भिंत पाडली, बाटल्या शाबूत निघाल्या. त्या घराण्याची १९५५ ची रिझेर्वा पुढे विसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ वाइन्सच्या यादीत गणली गेली.

त्याच उन्हाळ्यात त्या आघाडीवर मराठी माणसंही होती, हे आपल्या फारसं स्मरणात नसतं. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढल्या वर्षी एप्रिलात सेनियो नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव यांनी तोच सन्मान जिवंतपणी मिळवला. सांजोवेसेचा मुलूख आपल्या माणसांनी पायाखाली घातलेला आहे.

इटलीची ही सगळी शिस्त पूर्वापार चालत आली असं मानलं तर चूक होईल. तिचा मोठा भाग एका भीषण प्रसंगातून आला. १९८६ च्या वसंतात इटलीत स्वस्त वाइन पिऊन माणसं मरू लागली, कुणाची दृष्टी गेली. वाइनचा कडकपणा वाढवायला तिच्यात मिथेनॉल ओतलं होतं. २० हून अधिक बळी गेले. तपासात ज्यांची नावं आली त्यात नारझोले इथला एक व्यापारी होता, आणि नारझोले हे बारोलोच्या अगदी शेजारचं गाव. रातोरात इटालियन वाइनची निर्यात कोसळली, परदेशी बंदरांत माल अडकला. अब्रू तर गेलीच. त्या धक्क्यानंतर तिथल्या उत्पादकांनी आणि सरकारनं तपासणी कडक केली, घाऊक टँकरचा धंदा सोडून नावानिशी बाटली भरण्याकडे मोठ्या संख्येनं शेतकरी वळले. बारोलो आणि ब्रुनेल्लोला सर्वोच्च दर्जाची सरकारी हमी १९८० मध्येच मिळाली होती. त्या हमीची किंमत लोकांना १९८६ नंतर कळली.

मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं मेली. तिथेही मिथेनॉलच होतं. आपण काय केलं? अटका झाल्या, बदल्या झाल्या, विधिमंडळात गदारोळ झाला. पण ज्या माणसाच्या हातात पेला असतो त्याला आपण काय पितोय हे कळायचा हक्क आहे, ही गोष्ट त्यानंतरही आपल्या धोरणात शिरली नाही. नाव-गाव नसलेली दारू पिणारा माणूस सगळ्यात गरीब असतो आणि मरतोही तोच. चव ओळखणं आणि लेबल वाचणं हे श्रीमंतांचे चोचले, असं ज्यांना वाटतं त्यांनी मालवणीचे बळी आठवावेत.

चव कळणारी माणसं असली की करणाऱ्यावर वचक राहतो. ब्रुनेल्लो फिकी, विटकरी असायची, ती अलीकडे एवढी काळीभोर कशी, अशी कुजबुज जाणकारांत काही वर्षं चालू होती. २००८ मध्ये सरकारी वकिलांनी चौकशी लावली. काही उत्पादक सांजोवेसेत दुसरी द्राक्षं मिसळतात असा आरोप होता. अमेरिकेनं शुद्धतेचा दाखला मागितला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात उत्पादकांची सभा भरली. नियम सैल करून इतर द्राक्षांना वाट द्यावी असा पर्याय समोर होता, पण प्रचंड बहुमतानं ठरलं की ब्रुनेल्लो शंभर टक्के सांजोवेसेचीच राहील.

मग जानफ्रांको सोल्देरा. काझे बास्से या आपल्या छोट्या मळ्यात वर्षानुवर्षं पिंपांत मुरवून ब्रुनेल्लो करणारा हेकट माणूस. डिसेंबर २०१२ मध्ये नाराज झालेल्या एका जुन्या कामगारानं रात्री तळघरात शिरून पिंपांच्या तोट्या सोडून दिल्या. २००७ पासून २०१२ पर्यंतची सहा सालं, सुमारे ६२,६०० लिटर वाइन, गटारात गेली. गावच्या उत्पादक संघानं मदत म्हणून आपापली वाइन द्यायची तयारी दाखवली. सोल्देरानं ती नाकारली. दुसऱ्याची वाइन माझ्या नावाखाली विकली तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक ठरेल, अशी त्याची भूमिका होती, आणि तो संघातूनही बाहेर पडला. त्याच्या या वागण्याला गावानं नावं ठेवली. प्रस्तुत लेखकाला त्यात आदर वाटावा असं बरंच दिसतं.

महाराष्ट्रात हे सांजोवेसे आलेलं आहे, ही बातमी खानदेशात फारशी पोहोचलेली नाही. ऊस आणि साखर कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला २००७ च्या सुमारास तीन घराण्यांतले भाऊ एकत्र आले. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीतले सेच्ची. त्यांच्या कंपनीचं नाव फ्रातेली, इटालियनमध्ये भाऊ. तोस्कानातले अनुभवी वाइनमेकर पिएरो मासी त्यांच्यासोबत आले. माळशिरस तालुक्याच्या उन्हात सांजोवेसेच्या ओळी उभ्या राहिल्या. त्या द्राक्षात काबेर्ने सोव्हिन्यो मिसळून, ओकच्या पिंपात मुरवून केलेली ‘सेत्ते’ ही त्यांची मानाची रेड, पहिला हंगाम २००९ चा. त्याआधी नारायणगावात शामराव चौगुलेंनी फेसाळ वाइन करून ती युरोपात विकून दाखवली होती आणि नाशिकला राजीव सामंतांच्या सुलानं वाइनला बाजार मिळवून दिला होता. पण इटालियन जात, इटालियन हात आणि मराठी माती यांचा मेळ खऱ्या अर्थानं अकलूजला जमला.

आता प्रश्न मुरण्याचा. इथे आपली हवा आडवी येते, आणि ते समजून घेतल्याशिवाय बारोलोशी तुलना करण्यात अर्थ नाही. पिएमोन्तेत हिवाळ्यात वेल झोपतो. नेब्बियोलो ऑक्टोबरात पिकतं तेव्हा दिवस लहान होत असतात, रात्री गार असतात, दऱ्यांत धुकं भरतं. फळ सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो आणि टॅनिनलाही पुरता वेळ मिळतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि वाइनचं फळ हाताशी येतं फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे नेमकं ऊन चढत असताना. साखर भराभर वाढते, आंबट भराभर उतरतं. म्हणून मळेवाले पहाटेच्या गारव्यात तोडणी करतात आणि घड थंड करूनच आत घेतात. अशा फळाकडून तीस वर्षांची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. पाच वर्षांची, आठ वर्षांची का करू नये? त्याचं उत्तर द्यायला जुन्या सालांच्या बाटल्या हाताशी लागतात आणि आपल्याकडे त्याच दुर्मीळ. वाइन झाली की विकायची, पुढचा हंगाम यायच्या आत टाकी रिकामी करायची, असा धंदा चालतो. प्रत्येक वायनरीनं दर हंगामातल्या काही पेट्या थंड तळघरात मागे ठेवाव्यात आणि पाच, आठ, दहा वर्षांनी सालाच्या नावानं बाजारात आणाव्यात. वाइनवर राज्य सरकार २० टक्के मूल्यवर्धित कर घेतं आणि प्रोत्साहन योजनेत त्यातले १६ टक्के उत्पादकाला परत करतं. त्या सवलतीला एवढी एक अट जोडणं अवघड नाही.

जमीन आणि जात यांवरून चव ओळखणं खानदेशाला नवं नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून बामणोदचं वांगं कोणतं आणि आसोद्याचं कोणतं, यावर बाजारात वाद घालणारी माणसं होती. भाजल्यावर सुटणारा वास, गराचा ओलेपणा, बियांची संख्या यांवरून ती निवाडा करत आणि तो बहुधा बरोबर निघे. बारोलोच्या ११ गावांत याच पद्धतीनं वाद चालतात, फक्त बाटल्यांवर. पिंपळनेरहून सटाण्याकडे निघालं की बागलाणातले अर्ली द्राक्षांचे मळे लागतात. तिथला शेतकरी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, वाचतो आणि तरीही शेवटी मणी तोंडात टाकून, साल चावून, बी दाताखाली फोडून बघतो. वाइनमेकरही तोडणीचा दिवस असाच ठरवतो.

बारोलो साक्रीत मिळायची नाही, आणि मुंबईत मिळाली तर परवडायची नाही. आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं आणि त्यावर राज्याचे कर. शिकण्यासाठी तिची गरजही नाही. एकाच मराठी रेडच्या, त्याच सालच्या, दोन बाटल्या घ्याव्यात. एक आता उघडून चौघांत वाटून घ्यावी आणि काय लागलं ते वहीत लिहावं. दुसरी तीन वर्षं ठेवावी. ठेवायची कुठे, ही खरी अडचण. जुन्या धाब्याच्या घरांतल्या जाड मातीच्या भिंती आणि खालची बळदं स्लॅबच्या घरांपेक्षा बरीच गार राहतात, पण मे महिन्यात तीही पुरत नाहीत. ज्याला जमेल त्यानं वाइनचा छोटा फ्रिज घ्यावा. न जमल्यास बाटली घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावी. फ्रिजची थंडी थोडी जास्तच आहे, तरी उन्हाळ्याच्या मानानं ती लाखपट बरी.

जेवणासोबत घ्यायची तर काळ्या मसाल्याच्या शेवभाजीपासून जुनी रेड दूर ठेवावी. तिखट, टॅनिन आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंड पेटतं आणि वाइनचे सगळे बारीक वास मरतात. त्यापेक्षा मिरची हात राखून घातलेलं, काट्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी तिच्याशी छान जुळावी. धुराचा वास, गराची माती आणि जुन्या सांजोवेसेतली अळंबी एकाच कुळातले आहेत.

आता राजकारणाकडे. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी दिली आणि महाराष्ट्र दोन तट पाडून भांडला. वाइन म्हणजे दारू नव्हेच, असं एक बाजू म्हणत होती. दुसऱ्या बाजूला राज्य मद्यराष्ट्र होणार याची भीती होती. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय शेवटी कागदावर राहिला. या भांडणात दोन्ही बाजूंनी सोयीचं तेवढंच सांगितलं. वाइनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, ती दारूच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं की कोणतंही प्रमाण निर्धोक नाही. जो पीत नाही त्यानं प्यायला लागावं असं इथे कुणीही सुचवत नाही. पण जो पितो त्यानं कमी, जाणून आणि विचारून प्यावं, आणि विकणाऱ्याला उत्तर देणं भाग पडावं, ही मागणी दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नव्हती. ती कुणी केलीच नाही. किराणा दुकानाच्या फळीवर मेच्या उन्हात ती बाटली कशी राहील, हेही त्या गदारोळात कुठे ऐकू आलं नाही.

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, कोकणी, भिल्ल, मावची वस्त्यांभोवती मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं टपटपतात. त्या फुलांची दारू इथली खरी जुनी दारू. पहिल्या धारेची कोणती आणि मागच्या धारेची कोणती, हे वासावरून सांगणारे म्हातारे अजून आहेत. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं ती गाळणं सरकारी परवान्याखाली आणलं आणि १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात तर मोहफुलांवरच खास कायदा केला. तेव्हापासून मोह चोरीचा झाला, आणि चोरीच्या मालाला साल नसतं, गाव नसतं, तपासणी नसते. २०२१ मध्ये राज्य सरकारनं फुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले, पण फुलांपासून बाटलीपर्यंतचा रस्ता अजून गाळणाऱ्यांच्या हाती आलेला नाही.

याच तालुक्यातल्या बारीपाड्यात चाखण्याची शिस्त कशी लागते, ते बघायला मिळतं. दारूशी तिचा संबंध नाही. चैत्राम पवारांच्या पुढाकारानं या गावानं कुऱ्हाडबंदी करून जंगल राखलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे २००४ पासून वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बायका रानातून खुडून आणलेल्या भाज्या शिजवून मांडतात, कोणती भाजी कुठे उगवते, कशी खुडायची, कशासाठी खायची ते सांगतात, आणि परीक्षक एकेक घास चाखत पुढे जातात. नाव, जागा, हंगाम, मग चव. मोंतालचिनोत यापेक्षा वेगळं काही करत नाहीत.

हाच क्रम बाटलीला लावायला हवा. अकलूज-नाशिकच्या रेड वाइनवर द्राक्षाची जात, मळ्याचं गाव, तोडणीचं साल आणि पिंपात व बाटलीत मुरवलेले महिने ठळक छापणं सक्तीचं करावं. मोहाच्या दारूला परवाना देताना तो आदिवासी गटांच्या नावे द्यावा, आणि लेबलावर गाव, हंगाम, गाळणाऱ्या गटाचं नाव आणि मिथेनॉलच्या तपासणीचा क्रमांक असावा. दुकानात वाइन ठेवायची तर ती गार खोलीत, आडवी ठेवली जावी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या निरीक्षकानं वहीसोबत थर्मामीटरही तपासावा. विक्रीचे परवाने दर वर्षी मार्चअखेर नव्यानं करून घ्यावे लागतात. येत्या नूतनीकरणात या अटी घालायच्या तर अर्जाच्या नमुन्यात चार ओळी वाढतील.